मुद्रा नसलेली गाणी

लोकगीताला घर नसतं, मुक्काम असतात.

एका मुक्कामी ते फार दिवस राहिलं की तिथली माणसं त्याला आपलं म्हणू लागतात. त्यात खोटं काही नाही. मागच्या मुक्कामीही कुणीतरी त्याला असंच आपलं म्हटलं होतं, एवढी आठवण मात्र ठेवावी.

*

मी चेन्नईतल्या एग्मोरला राहतो आणि अमेरिकेतल्या अपालाचिया डोंगरांतली जुनी गाणी डल्सिमरवर वाजवतो. माणूस मराठी, शहर तमिळ, गाणी इंग्रजी, वाद्याचं कूळ जर्मन. ऐकणारे विचारतात, ‘‘यात तुमचं काय?’’ प्रश्न रास्त आहे. त्याला घाईनं उत्तर देऊ नये.

*

डल्सिमर म्हणजे कमरेशी निमुळती होत गेलेली लांबट लाकडी पेटी. ती मांडीवर आडवी घ्यायची. तारा तीन, फार तर चार. डाव्या हातात लाकडाची लहानशी काडी, उजव्या हातात नखी. पूर्वी नखीच्या जागी पक्ष्याचं पीस असायचं. काडी एका तारेवरून सरकते आणि चाल उमटते. बाकीच्या तारा आपापला सूर धरून राहतात. याच नावाचं, काठ्यांनी वाजवायचं आणखी एक वाद्य आहे. ते संतूरच्या कुळातलं. मांडीवरचं हे डल्सिमर बुलबुल तरंगाचा दूरचा भाऊ शोभेल.

आवाज लहान. अंगणात चार माणसं बसली तर चौथ्याला कान द्यावा लागतो. ज्या वाद्याला कान द्यावा लागतो, त्याच्याभोवती माणसं आपोआप जवळ सरकून बसतात.

*

दोन तारा षड्ज-पंचम धरतात, तिसरी फिरते. एकतारीवरचं भजन आणि तुणतुण्यावरचा पोवाडा ऐकत वाढलेल्या कानाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

चाल कितीही भटकली तरी षड्ज जागचा हलत नाही. म्हणूनच चालीला लांब जाता येतं.

*

या वाद्याचे पडदे मोजकेच. बारा स्वरांची सोय नाही, सातांची आहे. षड्ज, पंचम, पंचम अशा तारा लावल्या की बिलावल मिळतो. इथल्या भाषेत शंकराभरणम्. चालीची तार चढवून वरच्या षड्जाला आणली की निषाद कोमल होतो आणि खमाज उघडतो. तीच तार आणखी वर-खाली केली की काफी, आसावरी. गाणं बदललं की खुंटी पिळायची.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागिरांनी सहाव्या पडद्यापुढे एक जादा पडदा बसवला. वाजवणारे त्याला साडेसहावा म्हणतात. आता एकाच मिळवणीत दोन्ही निषाद मिळतात आणि खुंटीला हात लावावा लागत नाही.

या पडद्याचे उपकार मोठे आहेत. पण खुंटी पिळण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात वाजवणारा एका गाण्यातून पुरता बाहेर येई आणि दुसऱ्याच्या उंबऱ्याशी थांबे. सोय वाढली की उंबरे झिजतात. मी साडेसहावा पडदा वापरतो, पण दोन गाण्यांमधलं थांबणं सोडलेलं नाही.

*

समुद्राजवळच्या या शहरात लाकूड फुगतं, तारा लवकर गंजतात. डोंगरातल्या थंड हवेची सवय असलेलं वाद्य इथे दर काही दिवसांनी सुरातून ढळतं. परक्या गावी राहणाऱ्यानं रोज थोडं स्वतःला लावून घ्यावं लागतं. गावाला दोष देऊन सूर लागत नाही.

*

डोंगरात गाणी शुद्ध राहिली, कारण तिथे बाहेरचं कुणी पोचलं नाही, असं पूर्वी मोठ्या विश्वासानं सांगत. गाण्यांचा पुरावा वेगळा आहे. बॅलडच्या, म्हणजे कथागीतांच्या, चाली इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडच्या. डल्सिमरचे पूर्वज जर्मन स्थलांतरितांबरोबर आले. त्या जुन्या वाद्याला शाइटहोल्ट म्हणत. बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी दिला. ज्याला आपण उगम समजतो, तो पुष्कळदा संगम असतो.

बॅलड म्हणणारे बहुतेक जण साथीला काहीच घेत नसत. डल्सिमर काही खोऱ्यांतच होतं. केंटकीच्या नॉट परगण्यात जेम्स एडवर्ड थॉमस नावाचे कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून डल्सिमर बनवत. समाजसेवकांनी डोंगरात चालवलेल्या ‘सेटलमेंट’ शाळांनी ते उचलून धरलं, पुढे शहरातल्या लोकसंगीताच्या चळवळीनं त्याला अख्ख्या डोंगराचा आवाज ठरवलं. परंपरेचं वय जन्मावरून मोजू नये. किती जणांनी तिला पुन्हा निवडलं, यावरून मोजावं.

*

1666 सालच्या 2 जानेवारीला सॅम्युअल पीप्स या लंडनच्या अधिकाऱ्यानं रोजनिशीत नोंद केली, की एका अभिनेत्रीकडून ‘बार्बरा ॲलन’ हे लहानसं स्कॉटिश गाणं ऐकलं आणि फार आनंद झाला. आग्र्याला शिवाजी महाराज नजरकैदेत पडले ते हेच साल. ते गाणं पुढे समुद्र ओलांडून अपालाचियात गेलं आणि खोऱ्याखोऱ्यात वेगळं झालं. कुठे शब्द बदलले, कुठे चाल, कुठे शेवट.

ज्या गाण्याचा एकच पाठ खरा मानतात, ते छापून झालेलं असतं. ज्याचे शंभर पाठ खरे, ते अजून गायलं जात असतं.

*

आता मद्रासकडे येऊ. ‘यात तुमचं काय’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे.

कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर (1775–1835) तरुणपणी मद्रासजवळ मणलीला राहत होते. मणलीच्या मुदलियारांचा त्यांच्या घराला आश्रय होता आणि मुदलियारांचं फोर्ट सेंट जॉर्जला जाणं-येणं. किल्ल्यात ईस्ट इंडिया कंपनीचा बँड वाजे. त्या बँडच्या चाली दीक्षितरांनी ऐकल्या आणि त्यांवर संस्कृत पदं बांधली. हे नोट्टुस्वर. चाळिसाच्या आसपास आज माहीत आहेत. सगळे शंकराभरणम् रागात. कर्नाटक संगीत शिकणारी मुलं अजून ते गातात आणि मीनाक्षीची, सुब्रह्मण्याची स्तुती ब्रिटिश कूचगीतांच्या नि नाचांच्या चालींत म्हणतात.

दीक्षितरांनी उचललेल्या चालींत ‘लॉर्ड मॅकडोनल्ड्स रील’ ही स्कॉटिश नाचाची चाल गणली जाते. तीच चाल अमेरिकेत गेली, तिथल्या फिडलवाल्यांच्या हाती बदलली आणि ‘लेदर ब्रिचेस’ झाली. डोंगरातल्या नाचाच्या रात्री ती अजून वाजते.

एक चाल स्कॉटलंडहून निघाली. पश्चिमेला गेली ती कोठाराच्या फळ्यांवर नाचली. पूर्वेला आली ती देवासमोर उभी राहिली. सख्ख्या बहिणी दोन खंडांत दिल्या गेल्या. एग्मोरच्या माझ्या खोलीत डल्सिमरवर मी ‘लेदर ब्रिचेस’नंतर नोट्टुस्वर वाजवतो, तेव्हा मिळवणी बदलावी लागत नाही.

*

कन्निक्स कन्निकेश्वरन या संगीतकारानं नोट्टुस्वरांचा अभ्यास केला, ते ध्वनिमुद्रित केले. ते राहतात सिनसिनाटीला. शहरासमोर ओहायो नदी आहे आणि नदीच्या पलीकडे केंटकी. मद्रासची गाणी केंटकीच्या काठावर आणि केंटकीची मद्रासमध्ये. कोण कुणाच्या घरी पाहुणा, हे ठरवणं अवघड होतं तेव्हा गाणं नीट प्रवास करत आहे असं समजावं.

*

दीक्षितर नोट्टुस्वर बांधत होते त्याच काळात त्यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी (1786–1858) मद्रासमध्ये व्हायोलिन शिकले. दोन पिढ्यांत व्हायोलिन कर्नाटक मैफलीत असं बसलं, की आज त्याला कुणी पाहुणं म्हणत नाही. डल्सिमरचं तसं होणार नाही. व्हायोलिनला पडदे नाहीत. गमकाला त्यात कुठूनही शिरता येतं. डल्सिमरच्या पडद्यांवरून काडी घसरते तेव्हा सूर सुरात सरकल्याचा भास होतो, पण आंदोलन त्याला पेलत नाही. नोट्टुस्वर त्यावर बसतात, कारण त्यांत गमकं जवळजवळ नाहीत.

म्हणून मी डल्सिमरवर राग वाजवायला जात नाही. पाहुण्याला पाहुण्यासारखं ठेवण्यातही त्याचा मान असतो. जे वाद्याजवळ नाही ते त्याच्याकडून मागू नये. जे आहे ते मात्र पुरतं मागावं.

*

दुसरं उत्तर तंजावरचं.

व्यंकोजीराजे 1676च्या सुमारास तंजावरच्या गादीवर आले. 1855 साली कंपनीनं राज्य खालसा केलं. राज्य गेलं, बोली राहिली. तंजावरच्या मराठी घरांपैकी पुष्कळ आज चेन्नईत आहेत आणि तमिळ शब्द पोटात घेतलेली त्यांची मराठी चुलीपाशी अजून चालते. दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात (1798–1832) पाश्चात्त्य वाद्यं वाजत, त्यांच्या स्वरलिप्या ग्रंथालयात जमा होत आणि त्याच राजाच्या नावावर मराठी नृत्यरचना आहेत.

महाराष्ट्रातून तंजावरला गेलेल्या कीर्तनकारांचं ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी (1841–1903) तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग या आपल्या चाली तमिळ कथेत गेल्या आणि तिथल्याच झाल्या.

आजही चेन्नईच्या संगीतसभांत मैफल उतरणीला लागली की अभंग येतो. गाणाऱ्याला मराठी येत असतेच असं नाही. समोरच्या तमिळ श्रोत्याला विठ्ठल परका वाटत नाही. अशा वेळी आपल्यातला कुणी उठून विचारत नाही, की हे तुमचं आहे का. उलट आपला ऊर भरून येतो.

जो न्याय आपलं गाणं दुसऱ्याच्या ओठी ऐकताना लावतो, तोच दुसऱ्याचं गाणं आपल्या मांडीवर घेताना लावावा. त्याहून सवलत घेऊ नये आणि त्याहून धाकही धरू नये.

*

एग्मोरचं स्टेशन 1908 साली उघडलं. तंजावर, तिरुची, मदुरैकडच्या गाड्यांसाठी मद्रासचं दार हेच. दक्षिणेकडून नोकरीसाठी, शिक्षणासाठी आलेली माणसं इथे उतरली. त्यांच्या ट्रंकेत काय काय होतं याचे हिशेब मिळतील, तोंडात कोणती गाणी होती याचे मिळणार नाहीत.

स्थलांतरितांच्या सामानात गाणं हीच एक वस्तू अशी, जिचं भाडं पडत नाही. म्हणून ती सर्वांत दूर पोचते आणि म्हणूनच तिची पावती नसते.

*

पावती नसणं ही लोकगीताची श्रीमंती आहे आणि त्याचं दुखणंही तेच आहे.

एलिझाबेथ कॉटन (1893–1987) नॉर्थ कॅरोलिनातल्या. काळ्या कष्टकरी घरातल्या या मुलीनं घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं रचलं. पुढे अनेक वर्षांनी त्या सीगर या संगीतात रमलेल्या कुटुंबात घरकाम करू लागल्या आणि तिथे त्यांचं गाणं ऐकलं गेलं. त्याच घरातल्या पेगी सीगर यांनी ते इंग्लंडला नेलं. 1957 साली ब्रिटनमध्ये ते गाजलं, तेव्हा रचनाकार म्हणून दुसऱ्यांचीच नावं लागली. कॉटनबाईंचं नाव त्यावर यायला झगडावं लागलं. नव्वदी उलटल्यावर त्यांना ग्रॅमी मिळालं.

गाणं प्रेमानं नेलं गेलं होतं. वाटेत फक्त नाव गळलं. गाणं चोरायला दर वेळी चोर लागत नाही. नाव न सांगणारे रसिक पुरतात.

*

जीन रिची (1922–2015) केंटकीतल्या व्हायपर गावच्या, चौदा भावंडांतल्या धाकट्या. डल्सिमर जगाला माहीत झालं ते मुख्यतः त्यांच्यामुळे. न्यूयॉर्कला गेल्या, तिथे मुलांना घरची गाणी शिकवू लागल्या. 1952 साली फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन ब्रिटिश बेटांत गेल्या आणि आपल्या घरच्या गाण्यांची मागची पिढी शोधत हिंडल्या. गाणं तोंडपाठ असताना त्याचं माहेर पाहायला जाणं, ही त्यांच्या प्रेमाची रीत.

त्यांचं स्वतःचं एक गाणं आहे: खाणी बंद पडल्यावर गावात एल अँड एन कंपनीची आगगाडी थांबेनाशी होते, त्याचं. कोळशाबद्दल बाईनं लिहिलेलं लोक मनावर घेणार नाहीत, म्हणून ते त्यांनी पुरुषी टोपणनावानं प्रसिद्ध केलं. गाण्यांची नावं जपणाऱ्या बाईला स्वतःचं नाव झाकावं लागलं. असं गाणं वाजवताना चाल अचूक आली तरी निम्मंच काम झालेलं असतं.

*

लोकगीतं गोळा करणारे सेसिल शार्प इंग्लंडहून 1916 साली अपालाचियात आले. ऑलिव्ह डेम कॅम्पबेल यांनी त्याआधीच तिथली गाणी टिपायला सुरुवात केली होती. ती पाहून शार्प गेले. मॉड कार्पेलेस त्यांच्या सोबत शब्द लिहून घेत, शार्प चाली. 1918 पर्यंत दीड हजारांहून अधिक चाली जमल्या. हॉट स्प्रिंग्ज गावच्या जेन जेंट्री यांनी एकट्यांनी साठाहून अधिक गाणी दिली.

या चालींचं शार्प यांचं पुस्तक उघडलं की प्रत्येक चालीच्या माथ्यावर गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख. ही ओळ चालीइतकीच मोलाची आहे. आणि त्याच डोंगरातल्या काळ्या गायकांकडे शार्प यांनी फारसं लक्ष दिलं नाही, हेही तितकंच खरं. त्यांना इंग्लंड शोधायचं होतं. जिथे ते दिसलं तिथेच ते थांबले.

जपणं म्हणजे निवडणं. म्हणून जपणाऱ्याचे आभार मानावेत आणि त्यानं काय वगळलं तेही विचारावं. दोन्ही एका श्वासात करता आलं पाहिजे.

*

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, लाखाहून अधिक ओव्या आणि ओवीपुढे गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव. पीठ गिरणीत दळून येऊ लागल्यावर ज्या ओवीला जागाच उरली नव्हती, तिला पत्ता मिळाला.

मुळशीच्या ओवीला आणि केंटकीच्या बॅलडला एकमेकींची भाषा कळणार नाही. हातातलं काम चालू असताना बाईनं स्वतःशी म्हणणं म्हणजे काय, हे दोघींनाही कळेल.

*

एग्मोरच्या पॅन्थियन रोडवर सरकारी संग्रहालय आहे. 1851 साली स्थापन झालेलं, थोड्याच वर्षांत इथे हललेलं. त्यातल्या वाद्यांची सूची पी. सांबमूर्ती या मोठ्या संगीतज्ञानं केली. काचेमागच्या वाद्यांना मुकी म्हणून हळहळायची आपल्याला सवय आहे. मला तिथे उभं राहिलं की वेगळंच वाटतं. तिथे वाद्याला आवाज नाही, पण नाव आहे. बाहेर गाण्यांना आवाज आहे, पण नावं गळून चालली आहेत. संग्रहालयानं वाजवणाऱ्याकडून सूर घ्यावा हे खरं. वाजवणाऱ्यानं संग्रहालयाकडून चिठ्ठी घ्यावी, हेही तितकंच खरं.

*

अभंगाच्या अखेरीस संताचं नाव येतं. दीक्षितरांच्या कृतीत ‘गुरुगुह’ येतं; बँडच्या चालीवर बांधलेल्या पदातही त्यांनी ते गुंफलं. याला मुद्रा म्हणतात. मुद्रा असली की गाणाऱ्यानं विसरायचं ठरवलं तरी गाणं विसरू देत नाही.

बॅलडला मुद्रा नसते. ओवीलाही पुष्कळदा नसते. ज्यांनी ती रचली त्यांना आपलं नाव राहावं असं वाटण्याची मुभाच नव्हती, किंवा आपलं एकटीचं असं त्यात काही आहे हेच त्यांना मान्य नव्हतं. अशा गाण्याची मुद्रा गाण्याबाहेर राहते. ती वाजवणाऱ्याच्या तोंडी असते. त्यानं उच्चारली तर आहे, गिळली तर नाही.

*

म्हणून चार माणसांत डल्सिमर मांडीवर घेतलं की मी आधी नाव घेतो. हे गाणं हॉट स्प्रिंग्जच्या जेन जेंट्रींचं. हे व्हायपरच्या रिचींच्या ओसरीवरचं. हे कॉटनबाईंचं, आणि त्यांच्याकडून ते कसं गेलं तेही ऐका. ज्याचं नाव हरवलं आहे, त्याचं गाव सांगतो. गावही हरवलं असेल तर ज्या हातानं ते मला दिलं तो हात सांगतो.

यानं मैफलीचा वेळ जातो, हे खरं. पण नाव ऐकल्यावर माणसं गाणं निराळं ऐकतात. मघापर्यंत ती चाल असते, आता तिच्यामागे कुणीतरी उभं असतं.

*

परक्याचं गाणं वाजवण्याचा हक्क कुणी देत नसतं आणि तो मागूनही मिळत नाही. हक्काच्या जागी ओझं येतं. ते उचललं की वाजवायला हात मोकळे होतात, हा माझा अनुभव आहे.

वाद्य अपुरं असलं तर चालतं. आवाज लहान असला तरी चालतं. उच्चार परके असले तर तेही चालतं. आपले अभंग परक्या उच्चारांत आपण डोळे मिटून ऐकले आहेतच. न चालणारी गोष्ट एकच: गाणं असं वाजवणं, की ते आपल्यापासूनच सुरू झालं असं ऐकणाऱ्याला वाटावं.

*

शेजारची मुलं कधी डल्सिमर शिकायला येतात. तमिळ बोलणारी, शाळेत इंग्रजी शिकणारी, वीणेचे पडदे ओळखणारी. त्यांना पहिल्या दिवशी चाल देतो आणि चालीबरोबर नाव देतो. नाव पाठ झाल्याशिवाय पुढची चाल देत नाही. त्यांना हे जड जात नाही. गुरूचं नाव आदरानं घेणाऱ्या संगीतात ती वाढली आहेत. व्हायपर आणि हॉट स्प्रिंग्ज ही नावंही ती त्याच सहजतेनं घेतात.

नुसती चाल दिली तर ती उसनी राहते. नावासकट दिली की वारसा होतो.